कुडचड्याचे पेटीवाले मेस्त आणि चिकाटी हा शब्द

गोव्यात, कुडचड्यातल्या या दुकानाला पाटी नाही. सांवर्डे-कुडचडे रेल्वे स्थानकाकडून बाजाराच्या दिशेने चालत निघालं की कौलारू घरांची एक रांग लागते. ज्या घराच्या सोप्यावर पेटीची, म्हणजे हार्मोनियमची, रिकामी खोकी एकावर एक रचलेली दिसतील आणि आतून एकच सूर बराच वेळ ऐकू येत राहील, ते घर. दुकान म्हणावं तर तिथे विकायला काहीच नाही. मेस्त पेट्या दुरुस्त करतात, एवढंच. आमच्याकडे सुताराला मेस्त म्हणतात. हे आधी दारं-खिडक्या करायचे. एकदा देवळातल्या पेटीचं मोडलेलं झाकण बसवायला गेले आणि मग पेटीतच राहिले. सगळा बाजार त्यांना मेस्त म्हणूनच ओळखतो, मीही इथे तेच म्हणणार आहे.

आधी हिशेब सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सोय होईल. माझ्या वडिलांची ३९ पट्ट्यांची, खर्ज-नर अशी दुहेरी सुरांची (प्रत्येक पट्टीला एक खालचा, एक वरचा सूर) पेटी मी चैत्रात दिली. परत मिळाली आषाढाच्या शेवटी. मधे सात खेपा झाल्या. भात्याच्या नव्या कातड्याचे १,४०० रुपये, चार नव्या सुरांचे (वाऱ्याने वाजणाऱ्या पितळी तुकड्यांचे) ६०० आणि सगळ्या पेटीची सूरजुळणी ३,२००. एकूण ५,२००, त्यातले २०० अजून द्यायचे आहेत. काम अव्वल. वेळ मात्र फार लागतो, आणि किती लागेल हे मेस्त आधी सांगत नाहीत. फोन करून उपयोग नाही, ते कामावर बसले की उचलत नाहीत. पावती मिळत नाही. चतुर्थीचे दिवस घर बंद असतं. पेटी आपणच न्यायची, आपणच आणायची. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम असेल तर या घराची पायरी चढू नका.

मी तीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. तिसरी-चौथीच्या मुलांना दर वर्षी कुठल्या ना कुठल्या धड्यात चिकाटी हा शब्द भेटायचा आणि मी विचारायची, ‘चिकाटी म्हणजे काय रे?’ एका वर्षी मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, ‘फणस कापताना हाताला लागतं ते.’ वर्ग हसला. मी त्याला खाली बसवलं आणि फळ्यावर लिहिलं: चिकाटी म्हणजे काम न सोडणे. आज मला वाटतं, मुलाचं उत्तर माझ्यापेक्षा जवळचं होतं. चीक, चिकट, चिकटणे, चिकाटी हे सगळे एकाच घरातले शब्द. मी त्याचं उत्तर पुसून माझं लिहिलं, आणि माझ्या उत्तरात एक चूक होती. ती कुठे होती हे मला मेस्तांच्या सोप्यावर कळलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पेटीची गोष्ट आधी.

मी कुर्डीची. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं आमचं गाव. मी शाळेत होते तेव्हा आम्हाला वाडे वसाहतीत जागा मिळाली. ट्रकमध्ये भांडी चढली, भाताच्या कणग्या चढल्या, दारांच्या चौकटीसुद्धा चढल्या, आणि बाबा पेटी मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसले. ते सोमेश्वराच्या देवळात भजनाला साथ करायचे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की मे महिन्यात कुर्डी वर येते. जांभ्याचे चौथरे दिसतात, विहिरींचे काठ दिसतात, वाळून करडे झालेले झाडांचे बुंधे दिसतात. गावचे लोक जिथे असतील तिथून येतात, देवळात उत्सव होतो, कपेलाकडे ख्रिस्ती शेजाऱ्यांचं फेस्त होतं. बाबा होते तोवर पेटीही दर मे महिन्यात कुर्डीला जायची. या जाण्याला कुणी चिकाटी म्हणतं तेव्हा मला ते पटत नाही. ती ओढ आहे. ओढीला कष्ट पडत नाहीत, पाय आपोआप निघतात. वसाहतीतल्या जमिनीच्या एका कागदासाठी बाबांनी एका कचेरीत वर्षानुवर्षं ज्या खेपा घातल्या, ती चिकाटी. ‘फाल्यां यो’, उद्या ये, असं ऐकून ते परत यायचे, पायरीवर चपला काढायचे, वहीत तारीख लिहायचे आणि पेटी काढून बसायचे. पुढच्या वेळी परत जायचे.

बाबा गेल्यावर पेटी कपाटावर गेली. मी नोकरीत होते, घरात वाजवणारं कुणी नव्हतं. निवृत्त झाले आणि आमच्या वाड्यावरच्या बायकांचं भजनी मंडळ सुरू झालं तेव्हा ती खाली काढली. गोव्याचा पावसाळा पेटीला काय करतो ते ज्यांच्याकडे पेटी आहे त्यांना सांगायला नको. लाकूड फुगतं, पट्टी दाबली की वर येत नाही, कातड्याला बुरशी धरते, आतल्या बनातीला कसर लागते. आमच्या पेटीच्या अकरा पट्ट्या चिकटल्या होत्या आणि भात्यात वारा ठरत नव्हता.

मी ती आधी एका मोठ्या गावातल्या वाद्यांच्या दुकानात दिली. नाव लिहीत नाही. चार दिवसांत परत मिळाली, पट्ट्या छान वर-खाली होत होत्या, झाकणाला पॉलिशही केलं होतं. घरी येऊन वाजवली तर वरचं सप्तक फाटलेलं. कुठलेही दोन सूर एकमेकांशी बोलेनात. नंतर मेस्तांनी पेटी उघडून दाखवलं: चार सुरांच्या जिभा इतक्या खरवडल्या होत्या की टोकाला पितळ कागदासारखं झालं होतं. तिथल्या माणसाला काम येत नव्हतं असं नाही, पट्ट्या त्याने नीट मोकळ्या केल्या होत्या. त्याला ते काम संपवायचं होतं.

मेस्तांकडे मी गेले ती आमच्या मंडळातल्या एका वहिनींच्या सांगण्यावरून. त्यांनी पेटी घेतली, भाता पूर्ण भरला, एकही पट्टी न दाबता हात काढून घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागले. भाता पाच-सहा सेकंदांत बसला. ‘वारा जातो,’ म्हणाले. मग एकेक पट्टी दाबत खालून वर गेले. मी विचारलं, कधी मिळेल? ते म्हणाले, ‘पळोवया.’ बघूया. मी विचारलं, किती होतील? त्यालाही पळोवया. मला राग आला होता, पण त्यांनी प्रत्येक पट्टीला जेवढा वेळ दिला तेवढा मोठ्या दुकानात अख्ख्या पेटीला मिळाला नव्हता, म्हणून ठेवून आले.

दुसऱ्या खेपेला पेटी पूर्ण उघडलेली होती. कोपऱ्यांत तांबडी धूळ साचली होती. मेस्तांनी विचारलं, ‘बाई, ही कुठे मैदानात वाजायची काय?’ मी कुर्डी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि मऊ कुंचल्याने धूळ काढत राहिले, एक दिवस त्यातच गेला असं मागाहून कळलं. भात्याचं जुनं कातडं सोलून ठेवलं होतं. ते नवं आणून, घड्यांच्या मापाने कापून, सरस लावून वाळवायचं काम वैशाख उजाडेपर्यंत चाललं. त्याबद्दल फार सांगत नाही. काम स्वच्छ झालंय, आता भाता भरून सोडला तर मी सावकाश तीसपर्यंत आकडे मोजते तरी तो पूर्ण बसत नाही.

खरं बघण्यासारखं काम सुरांचं. शाळांना सुट्टी लागली होती, मेस्तांची नात घरी होती, आणि एका सकाळी मी तिथे दोन तास बसले.

पेटीतला सूर म्हणजे पितळेचा एक लांबट तुकडा, त्याला मधोमध बारीक खाच आणि त्या खाचेवर एका टोकाला रिव्हेटने जडवलेली पितळेचीच जीभ. वारा खाचेतून गेला की जीभ थरथरते. ३९ पट्ट्या आणि प्रत्येकीला दोन, म्हणजे ७८ जिभा. सूर उतरला असेल तर जिभेचं मोकळं टोक किंचित घासतात, ते हलकं होतं आणि सूर चढतो. सूर चढला असेल तर जडवलेल्या मुळाशी घासतात, जीभ तिथे लवचीक होते आणि सूर उतरतो. ऐकायला सोपं आहे. पण दोन्ही वेळा पितळ जातंच, आणि गेलेलं पितळ परत लावता येत नाही. जास्त चढला म्हणून मुळाशी घासायचं, मग जास्त उतरला म्हणून टोकाला घासायचं, असं दोन-चारदा केलं की सूर मेला. आमच्या चार सुरांचं तेच झालं होतं.

मेस्तांची पद्धत अशी. नात भाता एका लयीत चालवत बसते. दाब जराही कमी-जास्त झाला तर सूर हलतो, म्हणून हे काम दिसतं त्यापेक्षा अवघड आहे. त्या मुलीच्या मांडीवर गोष्टीचं पुस्तक होतं आणि पान उलटताना तिचा भात्यावरचा हात हलत नव्हता. मेस्त पहिला सूर तेवढा तिच्या फोनवरच्या सूर दाखवणाऱ्या काट्याशी जुळवून घेतात, बाकी सगळं कानाने. दोन सूर जवळ आले पण जुळले नाहीत की आवाजात लाट येते, वँव वँव वँव. लाट जितकी संथ तितके सूर जवळ. मेस्त डोळे मिटून लाटा मोजतात. मग सूर बाहेर काढायचा, जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा, कानशीचा एक हलका हात. एकच. घासल्याने आणि बोटाच्या उबेने पितळ तापतं, तापलेलं पितळ खोटा सूर सांगतं, म्हणून तो बाजूला ठेवायचा आणि दुसरा घ्यायचा. थोड्या वेळाने पहिला परत बसवायचा, कारण हातात जुळलेला सूर पेटीत गेला की वेगळा बोलतो. परत लाटा. परत बाहेर. मी सहज मोजत होते: चांगल्या सुराला चार-पाच वेळा, आणि नर सप्तकातल्या एका हट्टी सुराला सतरा वेळा ते आत-बाहेर करत होते. सतराव्या वेळी लाट जवळजवळ थांबली होती. मला वाटलं, आता एक हात आणि झालं.

मेस्तांनी कानशी खाली ठेवली. म्हणाले, ‘आता ऐकू येत नाही. फाल्यां.’

साडेअकरा वाजले होते. मला वाटलं कंटाळले. माझ्या तोंडून शाळेतलं वाक्य निघालंही, ‘एवढं झालंय तर थोडक्यासाठी कशाला सोडता?’ ते म्हणाले, कान दोन तास चालतो, मग त्याला जे हवं ते तो ऐकतो. लाट असली तरी थांबली म्हणून सांगतो. मग हात घासतो.

फळ्यावर लिहिलेली माझी चूक ती ही. चिकाटी म्हणजे काम न सोडणे असं मी पिढ्यांना सांगितलं, आणि इथे ज्या माणसाइतकी चिकाटी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही तो रोज साडेअकराला काम सोडत होता. तो सोडत होता म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्याच सुराकडे परत येऊ शकत होता. मुलांच्या प्रगतिपुस्तकांत शेऱ्याच्या रकान्यात मी कितीदा लिहिलं असेल, ‘चिकाटी वाढवावी’. आठ वर्षांच्या पोराने ते वाचून संध्याकाळी नेमकं काय करायचं होतं? हातातलं गणित सुटलं नाही तर आणखी एक तास तिथेच डोकं आपटायचं, की वही मिटून सकाळी परत उघडायची? मी ते कधी सांगितलं नाही, कारण मला स्वतःला त्याचा विचार सुचला नव्हता. त्या मुलांतली काही आता बाजारात भेटतात, वाकून नमस्कार करतात. त्या शेऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

मग बसने घरी जाताना मी त्या शब्दाच्या मागेच लागले. आपण तो कसा वापरतो बघा. त्याला स्वतःचं क्रियापद नाही. माणूस ‘चिकाटतो’ असं आपण म्हणत नाही. बोलण्यात तो बहुतेक तीन वाक्यांत येतो: त्याच्यात चिकाटी आहे, याच्यात चिकाटी नाही, आणि तिने चिकाटी सोडली नाही. म्हणजे ती जणू जन्मजात हातात दिलेली वस्तू, प्रश्न काय तो सोडण्याचा. शिवाय हा शब्द दुसऱ्याबद्दल वापरायचा असतो आणि बहुधा काम तडीला गेल्यावर. काम चालू असताना त्याच माणसाला आपण हट्टी म्हणतो, किंवा विचारतो, ‘काय त्याच्याच पाठीमागे लागलायस?’ बाबांचा कागद शेवटी मिळाला तेव्हा शेजारी म्हणाले, माणसाला चिकाटी होती हो. आदल्या वर्षापर्यंत तेच म्हणत होते, सोडा आता, किती खेपा घालणार.

आणि शेजारचे शब्द किती सख्खे वाटतात, पण आहेत वेगळे. हट्ट हा हवं त्या गोष्टीचा असतो, कामाचा नसतो. मोठ्या दुकानातल्या माणसाने सूर घासघासून मारला तो हट्ट. जिद्दीत समोर कुणीतरी असावं लागतं, ज्याला करून दाखवायचं. मेस्तांच्या समोर कुणी नाही. तगादा दुसऱ्याला लावतात. पहिला महिना मी फोन करून लावला, त्याचा काही उपयोग झाला नाही. चिवटपणा अंगाचा, चिकाटी मनाची. चिकट माणूस म्हटलं की आपल्याला पैसा न सुटणारा आठवतो आणि लोचट म्हटलं की पाठ न सोडणारा, म्हणजे त्याच चिकाची नासलेली रूपं. नेट हा मला आवडणारा शब्द, नेटाने म्हटलं की खांदा लावल्यासारखं वाटतं, पण त्यात जोर आहे आणि मेस्तांच्या कामात जोर लावला की पितळ जातं. सगळ्यात जवळचा शब्द मला सापडला तो नाद. पेटीत वाजतो तोही नाद, आणि माणसाला लागतो तोही नाद. मेस्तांना पेटीचा नाद लागला असं त्यांच्या घरचे पूर्वी तक्रारीने म्हणायचे, खिडक्यांचं चालू काम सोडून हे काय, म्हणून.

चौथ्या की पाचव्या खेपेला अंगणात फणस फोडणं चाललं होतं. घरच्या बायकांनी हाताला आणि कोयत्याला खोबरेल लावलं होतं. मला पानावर गरे दिले. मेस्त लांब बसून चहा पीत होते, फणसाला त्यांनी हात लावला नाही. बोटाला चिकाचा अंश राहिला आणि तो सुराच्या पितळी जिभेवर गेला तर सूर बसतो, म्हणाले; मे महिनाभर ते दुपारी काम संपल्यावरच फणस खातात. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला हे सांगायला हवं होतं.

आमच्या कुर्डीच्या गायिका मोगूबाई कुर्डीकर. १९०४ साली जन्मलेल्या. गावात त्यांच्या नावाची आठवण काढल्याशिवाय मे महिन्यातला उत्सव पार पडत नाही. सांगलीत त्यांचा रियाज रस्त्यावरून जाताना ऐकून थोर गवई अल्लादियाखाँसाहेब थांबले आणि शिकवू लागले, ही गोष्ट बाबा आम्हाला सांगायचे आणि तिथेच थांबायचे. मी पुढे वाचलं ते असं, की ती तालीम सलग चालली नाही. खाँसाहेबांपासून त्या दुरावल्या, दुसऱ्या उस्तादांकडे शिकल्या, आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा त्यांच्याकडे येऊन गंडाबंद शागीर्द, म्हणजे गंडा बांधून रीतसर शिष्या, झाल्या. खंड पडला, आणि त्या परत आल्या. लहानपणी मला त्या गोष्टीतला रस्त्यावर थांबण्याचा भाग चमत्कारासारखा वाटायचा. आता मधला काळ मोठा वाटतो.

वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहाचंही तसंच आहे. चोवीस तास भजन अखंड. पण अखंड म्हणजे एकच माणूस गात नसतो. पथकं पाळीपाळीने येतात, पेटी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते, उठलेला माणूस चहा पिऊन पाठ टेकतो. उठण्याची सोय आहे म्हणून ते शंभरावर वर्षं चाललंय.

पेटीबद्दल एक सांगायचं राहिलं. या वाद्याला आपल्याकडे मान सहज मिळालेला नाही. परदेशातून आलेली, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) न काढता येणारी, ठरावीक सुरांत अडकलेली म्हणून १९४०पासून तीसेक वर्षं आकाशवाणीवर तिला बंदी होती. त्या काळात ती देवळांत, नाटकांत, कीर्तनात आणि आमच्यासारख्यांच्या घरांत वाजत राहिली. गोव्यातल्याच फोंडा तालुक्यातल्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर पेटीवादक मधुकर पेडणेकरांकडे शिकले आणि साथीच्या या वाद्यावर आयुष्य घालवून २०१६ साली पद्मश्री झाले. बाबांनी त्यांना एकदा समोर बसून ऐकलं होतं. घरी येऊन दोन दिवस त्यांनी आपल्या पेटीला हात लावला नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून पहाटे उठून नुसता भाता मारण्याचा सराव करू लागले. आई विचारायची, सूर कधी लागणार? ते म्हणायचे, आधी वारा.

आता पेटी कशी झाली ते. आषाढात पाऊस कोसळत होता, मी प्लास्टिकचं मोठं कापड घेऊन रिक्षाने आणायला गेले. मेस्तांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः उठून आत गेले. गिऱ्हाईक पहिल्यांदा वाजवतं तेव्हा ते जवळ थांबत नाहीत. मी काळी चार धरली, आमच्या मंडळातल्या बायका त्याच पट्टीत गातात. षड्ज आणि पंचम एकत्र दाबले आणि हात तसाच ठेवला. लाट नव्हती. खर्ज आणि नर असे मिळाले होते की दोन आवाज वेगळे काढता येईनात. आवाज बाबांच्या वेळचा आहे का? नाही. चार सूर नवे आहेत, ते थोडे उजळ बोलतात, वरच्या सप्तकात कान देऊन ऐकलं तर कळतं. मेस्तांनी ते आधीच सांगितलं होतं: जुन्यांत बसायला यांना दोन-तीन वर्षं लागतील. भात्याचा दाब पूर्वीपेक्षा कमी लागतो, माझ्या दुखऱ्या मनगटाला ते फार बरं. पट्ट्या भर पावसात एकदाही अडकल्या नाहीत. श्रावणात आमच्या मंडळाने देवळात तिच्यावर पाच सोमवार भजन केलं. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसायची, भाता बंद करून ठेवायची आणि कपाटात विजेचा एक छोटा दिवा लावायचा, एवढं मेस्तांनी बजावलंय, तेवढं मी करते.

एक सूर मात्र अजून झालेला नाही. खर्जातला खालून सहावा. सुरात आहे, पण पट्टी दाबल्यावर क्षणभर उशिरा बोलतो. संथ भजनात कळत नाही, चलतीच्या अभंगात मला जाणवतो. मी तक्रार केली नव्हती, मेस्तांनीच दाखवला. जिभेची उंची किंचित बदलायला हवी, पण पावसाळी हवेत लाकूड फुगलेलं असताना ते करायचं नाही म्हणाले. मी ५,२०० काढून दिले तेव्हा त्यातले दोनशे त्यांनी माझ्या हातात परत ठेवले आणि नातीला वहीत लिहायला सांगितलं: कुर्डीची पेटी, सहावा, मार्गशीर्ष.

ज्यांना जायचं असेल त्यांनी सकाळी नऊ ते साडेअकराच्या आत जावं. पेटी सुती चादरीत गुंडाळून न्यावी, आतले मोडके भाग फेकू नयेत, तुटलेली स्प्रिंगसुद्धा बरोबर घ्यावी. आधी कुणी दुरुस्ती केली असेल तर ते लपवू नका, त्यांना उघडल्यावर कळतंच. बसायला एक बाकडं आहे, डास आहेत. मी मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारनंतर जाणार आहे. आमच्या सांग्याच्या बाजूची कुणाची पेटी असेल तर सांगा, रिक्षा एकच करू.